बोलावल्याशिवाय आत न येणारी

आज पहाटे इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली. मोबाईल, लॅपटॉप, बाहेरच्या खोलीतला तो शहाणा थर्मोस्टॅट, सगळ्यांनी आपापलं काम झोपेत उरकून घेतलं. मागे राहिलं ते अव्हनचं घड्याळ. ते हातानं लावावं लागतं. तीन बटणं एका ठरावीक क्रमानं दाबायची असतात आणि तो क्रम फक्त निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ठाऊक होता. तो पुण्याला परत गेल्यापासून हे घड्याळ दर हिवाळ्यात पाच महिने एक तास पुढे असतं आणि मार्चअखेर आपोआप बरोबर होतं. मी त्याच्या वाटेला जात नाही.

तर अव्हनमध्ये चार वाजलेत, म्हणजे खरे तीन. पाच वाजता सुजाता येणार आहे. तीन वर्षांपूर्वी, घड्याळं मागे गेली त्याच रविवारी, ती माझ्या दारात वीस मिनिटं उभी होती आणि मी तिला 'आत ये' म्हटलं नव्हतं. आज म्हणायचं आहे. दोन शब्दांचं काम, पण सकाळपासून मी त्याची तयारी करते आहे. थालीपिठाची भाजणी भिजवून झाली, लोणी काढून ठेवलं, सोफ्यावरची उशी तीनदा सरळ केली. लग्नाच्या वेळी मला बघायला माणसं आली होती, तेव्हासुद्धा मी इतकी धांदल केली नव्हती.

इथल्या या ऋतूला मराठीत नाव नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा हा काळ. थंडी म्हणावी तर पुण्याच्या डिसेंबरसारखी ती गुलाबी नाही. पाऊस म्हणावा तर तो पडत नाही, नुसता हवेत लोंबकळतो. सकाळी ऑफिसला निघावं तर अंधार, संध्याकाळी परतावं तर अंधार. मधल्या वेळात उजेड येऊन गेला असं सहकारी सांगतात, पण तेव्हा मी मीटिंगमध्ये असते. पहिल्या हिवाळ्यात मी हाउसआर्त्सकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे गेले आणि म्हटलं, मला सारखं रडू येतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, व्हिटॅमिन डी घ्या, दुपारी वीस मिनिटं चाला. त्याआधी माझा पाय मुरगळला होता तेव्हाही तिनं जवळजवळ हेच सांगितलं होतं. फक्त चालू नका म्हणाली होती.

निखिल गेला त्या वर्षीच्या या दिवसांत मी स्वतःला गमतीनं व्हॅम्पायर म्हणू लागले होते. ऊन माहीत नाही, चेहरा पांढराफटक, भूक लागते ती भलत्या वेळी. व्हॅम्पायरबद्दल माझं ज्ञान तेवढंच होतं. आपल्याकडची भुतं बिचारी परवानगीच्या भानगडीत पडत नाहीत. मुंजा पिंपळावर बसतो, हडळ विहिरीपाशी गाठते, मानगुटीवर बसायचं तर थेट बसतात. व्हॅम्पायर मात्र भलता शिष्ट निघाला. घरातल्या माणसानं 'आत या' म्हटल्याशिवाय म्हणे त्याला उंबरा ओलांडता येत नाही. हा नियम कळला तेव्हा मला वाटलं, हा प्राणी मूळचा डच असणार. इथे सख्खा भाऊसुद्धा तीन आठवडे आधी डायरीत लिहून मग येतो.

हा नियम मला एका अकरा मिनिटांच्या जपानी सिनेमानं शिकवला. पण त्याच्या आधी सुजाताच्या बाबतीत जे झालं ते सांगायला हवं, नाहीतर तो सिनेमा माझ्या एवढा जिव्हारी का लागला ते कळणार नाही.

मी राहते ते उइटहॉर्न हे ॲम्स्टेलवेन शहराच्या खालचं छोटं डच गाव आहे. नदी, दोन पूल, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा. आता ट्राम येते, तेव्हा नुसती बस होती. आमच्या रांगेतल्या प्रत्येक घराला रस्त्याकडे तोंड करून एक मोठी खिडकी आहे आणि कुणीही पडदा लावत नाही. संध्याकाळी बसस्टॉपवरून घरी चालत येताना मला सगळ्यांची घरं दिसतात. कुणाकडे सूप वाढलं जातंय, कुणाची मुलगी पियानोवर तीच चूक पुन्हा करतेय, अगदी समोरच्या घरातले आजोबा रोज एकाच खुर्चीत पेपर वाचताहेत. सगळं इतकं स्वच्छ दिसतं की हात लांबवून मीठ मागावं. पण बेल वाजवायची म्हटलं तर वेळ घेऊन यावं लागतं. मी सात वर्षं या रस्त्यावरून जाते आहे आणि त्या पेपरवाल्या आजोबांचं नाव मला माहीत नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात निखिल गेला. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाला काही सांगता आलं असतं. त्याला इथे राहायचं नव्हतं आणि मला परत जायचं नव्हतं, एवढंच. ही एवढीशी गोष्ट आम्ही दोन वर्षं चघळली आणि मग एका सकाळी त्यानं सामान हलवलं. सोफा त्याच्या आवडीचा होता, तो त्यानं युट्रेख्टच्या एका मित्राला देऊन टाकला. मी म्हटलं, दे, मला काय करायचाय. त्यानंतर पाच-सहा महिने मी जेवायच्या टेबलाची एक खुर्ची ओढून बाहेरच्या खोलीत बसत होते. पडदा मी तेव्हाच शिवून घेतला. आमच्या रांगेत पडदा असलेलं ते एकमेव घर होतं आणि शेजाऱ्यांना नक्कीच वाटलं असणार की या बाई आत काहीतरी बेकायदा पिकवतात.

अशा त्या दिवसांत, घड्याळं मागे गेली त्या रविवारी, संध्याकाळी साडेपाचला बेल वाजली. दिवाळी नुकतीच संपली होती. मी भांडी घासत होते. दार उघडलं तर समोर एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, डोक्यावर रेनकोटची टोपी, हातात सायकलच्या दिव्यांची जोडी.

"ताई, तुम्ही मराठी ना? व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा ॲड्रेस मिळाला. मी सुजाता, पलीकडच्या गल्लीत रूम घेतलीय. एक विचारू का? तुमच्याकडे कुकरची जास्तीची रिंग आहे का? पाच लिटरची? माझी फाटली, आणि इथे कुणाला कुकर म्हणजे काय तेच समजत नाही."

मला हसू आलं. खरंच आलं. परदेशात राहणाऱ्या बाईला कुकरच्या रिंगेचं दुःख दुसऱ्या बाईनं समजावून सांगावं लागत नाही. दुकानदाराला ती रबराची रिंग दाखवली की तो म्हणतो, ही कुठल्या पंपाची? माझ्याकडे आईनं दिलेल्या तीन होत्या.

"थांब हं, आणते," मी म्हटलं. आणि दार लोटून घेतलं. पूर्ण बंद नाही केलं, वीतभर फट ठेवली. त्या हिवाळ्यात गॅस महागला होता आणि सगळेच घरातली ऊब सांभाळत होते. आत गेले, रिंग शोधली, एका पिशवीत घातली, परत आले, दार उघडलं. ती तिथेच होती, पायपुसण्यावर, एक पाऊलही इकडे-तिकडे न होता.

मग आम्ही बोललो. ती अकोल्याची, युट्रेख्टच्या विद्यापीठात मातीतल्या बुरशीवर संशोधन करायला आली होती. तिथे घर मिळेना म्हणून इतक्या लांब राहत होती. बोलायला गोड, जरा थट्टेखोर. बोलता बोलता म्हणाली, "ताई, पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे अख्खं गाव आमच्यातलंच आहे! ज्या खिडकीत बघावं त्या खिडकीत बुद्ध!"

हे मात्र खरं आहे. इथे झाडांच्या दुकानात कुंड्यांशेजारी बुद्धाची मस्तकं मिळतात आणि डच लोक ती हौसेनं खिडकीत मांडतात. विनोद उत्तम होता. मी हसलेही. पण हसण्याआधी एक क्षण गेला. 'आमच्यातलं' या शब्दापाशी माझ्या कानानं काहीतरी टिपून घेतलं. कोथरूडमध्ये वाढलेल्या कानाला हे टिपायला कुणी शिकवावं लागत नाही. घरात कुणी वाईट बोलत नव्हतं, पण आडनाव विचारल्याशिवाय कुणाबद्दलचं बोलणंही पुढे सरकत नसे. त्या क्षणानंतर मी हसले, जरा जास्तच हसले.

वीस मिनिटं झाली. तिच्या रेनकोटवरून पाणी ठिबकत होतं. आत, माझ्या पाठीमागे, सोफा नसलेली खोली होती. भिंतीवर फोटो काढल्याचे चौकोन होते, ओट्यावर घासायचं एकच ताट, एकच वाटी, एकच पेला. मला ते कुणालाही दाखवायचं नव्हतं. लाज वाटत होती. मी दाराच्या चौकटीत अशी उभी होते की माझ्या खांद्यावरूनही तिला काही दिसू नये. आणि निरोप देताना मी काय म्हणावं? "कधीतरी ये गं घरी निवांत!" घराच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला मी घरी ये म्हणत होते. पुणेरी आग्रह याला म्हणतात.

"येईन ना," ती म्हणाली. सायकलला दिवे लावले आणि गेली.

ती आली नाही. मीही बोलावलं नाही. तिला बोलवायचं म्हणजे आधी सोफा घ्यायचा, आणि सोफा घ्यायचा म्हणजे निखिल येणार नाही हे मान्य करायचं. मी रोज उद्यावर ढकललं. डिसेंबरात एका शनिवारी दुपारी मी खुर्चीत बसून आईशी फोनवर बोलत होते. पडदा अर्धा उघडा होता. दाराच्या फटीतून, जिथून पोस्टमन पत्रं टाकतो तिथून, काहीतरी आत पडलं. उठून बघितलं तर पाच लिटरची नवी कोरी रिंग, वेष्टनात. सोबत चिठ्ठी. 'ताई, घरून मागवली, तुमची तुम्हाला परत. युट्रेख्टला जागा मिळाली, उद्या शिफ्ट होतेय. थँक यू. सुजाता.' खाली नवा पत्ता, कारण घर बदललं की पत्ता कळवायची इथली रीत तिनंही उचलली होती. मी दार उघडलं तेव्हा ती सायकलवरून कोपऱ्यापर्यंत पोचली होती. मी घरात होते ते तिला खिडकीतून दिसलं असणार. तिनं बेल वाजवली नव्हती.

तरी मला कळलं नाही. मला वाटलं, घाईत असेल.

जानेवारीत मी युट्रेख्टला गेले ते तिला भेटायलाच. पण बसमध्ये तीन वेळा मेसेज लिहिला आणि तीन वेळा पुसला. 'इकडे आले होते, भेटायचं का?' हे पाच शब्द मला जमेनात. माझ्या पिशवीत लाडवांचा डबा होता आणि मी कालव्याच्या कडेनं उगाच चालत होते. सायकलवाले अंगावर घंटा वाजवत होते, कारण मी नेहमीप्रमाणे त्यांच्या रस्त्यावरून चालत होते. मग पाऊस आला आणि मी समोरच्या दारात शिरले. ते एक छोटं चित्रपटगृह होतं. रविवार दुपार, जपानी लघुपट, प्रयोगशील. प्रयोगशील म्हटलं की मी सहसा लांबच राहते, पण आत उबदार होतं.

आम्ही प्रेक्षक पंधरा-वीस जण असू. पहिले दोन सिनेमे मला कळले नाहीत. एकात बराच वेळ नुसता पंखा फिरत होता. तिसरा कृष्णधवल होता, मुका होता आणि फार जुना होता. सुरुवातीला एकच पाटी आली: 'व्हॅम्पायर आरशात दिसत नाही. कॅमेऱ्यातही दिसत नाही. म्हणून मी तुम्हाला दिसणार नाही.' आणि मग जिने. एका मोठ्या वसाहतीतले एकसारखे जिने, एकसारखी दारं. कॅमेराच चढत होता. कॅमेराच त्या दारांपुढे थांबत होता. बेलकडे जाणारं बोटसुद्धा दिसत नव्हतं, फक्त दार उघडायचं आणि एक माणूस आपल्याकडे बघायचा.

जपानी घरात दार उघडलं की लगेच घर लागत नाही, हे मला तेव्हा समजलं. आधी चपला काढायची खोलगट जागा, मग एक पायरी, आणि पायरीवर खरं घर. पाहुणा त्या खोलगट जागेत उभा राहून बोलतो. यजमान 'वर या' म्हणेपर्यंत तो धड आत नसतो आणि धड बाहेरही नसतो. व्हॅम्पायरला तर बोलावल्याशिवाय पाऊलही टाकता येत नाही. बिचारा कॅमेरा त्या चपलांच्याही अलीकडे, दाराबाहेर उभा. एकामागून एक दारं. एक गृहस्थ बनियनवर, एक आजी, एक तरुण जोडपं. सगळे सभ्य, सगळे हसतमुख, सगळे किंचित वाकून नमस्कार करणारे. आणि कुणी बोलायला लागलं की त्याचं तोंड दिसेनासं व्हायचं. फिल्मवर तेवढ्या जागी सुईनं ओरखडलेलं होतं. तोंडाच्या जागी पांढऱ्या रेघांची थरथर. काय बोलतात ते कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं की 'वर या' म्हणत नाहीत.

चौथ्या की पाचव्या दारात एक बाई आली. कमरेला ॲप्रन, हात ओले. ती काहीतरी बोलली, हसली आणि आत जाताना तिनं दार आपल्याकडे ओढून घेतलं. वीतभर फट ठेवून. कॅमेरा त्या फटीकडे बघत राहिला. फटीतून दिव्याचा उजेड, एका चपलेचं टोक. किती वेळ? सिनेमात अर्धा मिनिट असेल. मला वाटलं संपतच नाहीये. ती बाई मी होते. आणि मी पहिल्यांदाच माझ्या दाराच्या बाहेरून माझ्याकडे बघत होते.

शेवटच्या दारात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं तोंड ओरखडलेलं नव्हतं. ते बोलले, ओठ स्पष्ट हलले, आणि पडदा पांढरा झाला. सिनेमा संपला.

दिग्दर्शिका तिथे होती. सत्तरीच्या पुढची, बुटकी, राखाडी कोटातली बाई. हळूहळू इंग्रजीत बोलत होती. म्हणाली, हे नट नाहीत. मी तेविशीत त्या वसाहतीत एकटी राहत होते. उसना कॅमेरा छातीशी धरला आणि माझ्याच शेजाऱ्यांच्या बेला वाजवल्या. साखर मागितली, पत्ता विचारला, काहीही. त्यांना वाटलं कॅमेरा बंद आहे. वाईट माणसं नव्हती ती. प्रत्येकाला काहीतरी काम होतं. शेवटचे गृहस्थ 'वर या' म्हणाले तेव्हा मी इतकी दचकले की बटणावरचं बोट निघालं. म्हणून सिनेमा तिथे संपतो.

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "मग तुम्ही आत गेलात का?"

ती हसली. म्हणाली, "तेवढं माझ्याकडे राहू दे."

मी बाहेर आले तेव्हा पाच वाजत आले होते आणि अंधार पडत होता. आता मेसेज पाठवायचा प्रश्नच नव्हता. मी पत्ता शोधला. एका जुन्या घराचा दुसरा मजला, शिडीसारखा उभा जिना. मी बेल वाजवली आणि दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहिले.

"ताई? तुम्ही?"

तिच्या पाठीमागे उजेड होता. कुकरची शिट्टी झाली. आतून वरणाचा वास आला, हिंग-जिऱ्याच्या फोडणीचा. मी सकाळपासून जेवले नव्हते. मी घडाघडा बोलायला लागले. "सुजाता, मी त्या दिवशी तुला दारात उभं केलं. माझं घर रिकामं होतं गं. निखिल सोडून गेला होता. सोफासुद्धा नव्हता, तुला बसवायला जागा नव्हती."

"मी खाली बसले असते, ताई."

ती रागानं बोलली नाही. ओढणीला हात पुसत होती. मग म्हणाली, "माझी आई शिक्षिका. लोकांच्या घरी जनगणनेला जायची, पोलिओचे डोस सांगायला जायची. पुष्कळ ठिकाणी तिला दारातच थांबवायचे. आणि कारण असायचंच. कुणाकडे पूजा असायची, कुणाची लादी पुसलेली असायची. कारणं खोटी नसायची, ताई. लादी खरंच ओली असायची."

शिट्टी पुन्हा झाली.

"त्या दिवशी मी तो बुद्धाचा जोक केला," ती म्हणाली. "तुम्हाला हसायला जरा वेळ लागला."

मला खोटं बोलता आलं असतं. जिन्यात अंधार होता, माझा चेहरा तिला दिसत नव्हता. "लागला," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मी पुढे केलेला डबा घेतला, दोन्ही हातांनी घेतला. "लाडू आईंच्या हातचे?" विचारलं. मी म्हटलं, माझ्या. मग आम्ही आणखी दोन-चार वाक्यं बोललो, तिच्या प्रयोगशाळेबद्दल, माझ्या ऑफिसबद्दल. ती दाराच्या चौकटीत होती. मी दोन पायऱ्या खाली होते आणि माझी मान वर करून दुखायला लागली होती. "पाऊस वाढायच्या आत निघा, ताई," ती म्हणाली. "जिना जपून उतरा."

परतीच्या बसमध्ये मी रडले. सुरुवातीला मला वाटत होतं, तिनं मला आत बोलावलं नाही म्हणून रडतेय. विमानतळाकडे उतरणारी विमानं ढगातून दिवे दाखवत जात होती आणि मी हिशेब लावत होते की ती जर वीस मिनिटं उभी होती तर मी जेमतेम दहा. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या आईची किती मिनिटं झाली असतील, ते मात्र मला मोजता येईना. मग कशासाठी रडतेय ते सांगता येईनासं झालं.

पुढच्या आठवड्यात मी सोफा घेतला. करड्या रंगाचा, तीन माणसांचा. पडदा काढून टाकला. खिडकीत बुद्ध ठेवावा असं एकदा मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. इतकं स्वस्तात सुटायचं नसतं. त्यानंतरची दोन वर्षं मी तिला अधूनमधून मेसेज करत राहिले. बुद्धपौर्णिमेला शुभेच्छा, ती जोडलेले हात पाठवायची. तिचं लग्न झालं, मी अभिनंदन कळवलं, तिनं फोटो पाठवला. दोन्ही वर्षं मी एकेकदा लिहिलं, 'एखाद्या रविवारी ये.' तिनं लिहिलं, 'बघते ताई.' ते 'बघते' मी पुष्कळ वेळा वाचलं. कधीतरी निवांत ये, या माझ्या वाक्याचंच ते उत्तर होतं आणि तितकंच पोकळ होतं. सोफ्यावर मी एका कोपऱ्यात बसायची. दुसरा कोपरा अजून नव्यासारखा आहे.

आणि परवा तिचा मेसेज आला. 'रविवारी उइटहॉर्नला येतोय, एक सेकंडहँड कपाट घ्यायला. पाचच्या सुमारास डोकावू का?' मी 'हो' लिहिलं. मग वाटलं, नुसतं 'हो' बरं दिसत नाही. मग आणखी काही लिहिलं तर फार दिसेल असं वाटलं. शेवटी 'हो'च राहू दिलं.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. आता पुन्हा बसले आहे ते बेल वाजून गेल्यावर.

पाच वाजून सात मिनिटांनी ती आली. मी दारामागेच उभी होते, त्यामुळे बेल पूर्ण वाजायच्या आत दार उघडलं. पुरतं उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत. ती थोडी भरली होती, केस कापलेले, गळ्यात मफलर. नमस्कार, कशी आहेस, काही नाही. माझ्या तोंडून एकदम निघालं, "आत ये, सुजाता."

ती दचकली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आत. मी बाजूला झाले. दिवे लावलेले होते, सोफा, टेबलावर दोन ताटल्या, तव्यावर झाकलेलं थालीपीठ, सगळं दारातून दिसत होतं. तिनं ते सावकाश बघितलं.

"आज नको, ताई," ती म्हणाली. "गाडीत कपाट आहे, डिकी उघडीच बांधलीय. हे गाडी चालू ठेवून थांबलेत. पाऊस यायच्या आत घरी पोचायचंय."

तिच्या मागे खरंच गाडी उभी होती. इंजिन खरंच चालू होतं. डिकीतून कपाट बाहेर आलं होतं आणि त्याला दोरी बांधली होती. तिचा नवरा काचेतून हात करत होता. मीही हात केला.

"पण म्हणालात," ती म्हणाली, "ते बरं वाटलं." मग क्षणभर थांबून तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि ती गेली. पुन्हा येईन म्हणाली नाही. मीही कधीतरी ये म्हटलं नाही, एवढं या तीन वर्षांत शिकले.

गेली जवळजवळ तीन वर्षं मी धरून चालले होते की ती जपानी बाई त्या म्हाताऱ्याच्या घरात गेली असणार. मी मनात तिला चहासुद्धा पाजला होता. आता वाटतं, कदाचित गेली नसेल. कदाचित तिनं वाकून नमस्कार केला असेल, कॅमेरा पिशवीत घातला असेल आणि ती जिना उतरून आपल्या खोलीवर आली असेल. तिला ते दोन शब्द ऐकायचे होते. जायचं की नाही, हे पहिल्यांदाच तिनं ठरवायचं होतं.

मी दार लगेच लावलं नाही. गाडीचे मागचे दिवे कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राहिले, त्यानंतरही राहिले. थंड हवा आत येत होती, थर्मोस्टॅट कुरकुरायला लागला होता. समोरच्या घरातल्या आजोबांनी पेपर खाली करून माझ्याकडे बघितलं. अव्हनमध्ये सव्वासहा वाजले होते, म्हणजे खरे सव्वापाच. थालीपीठ दोघींपुरतं होतं आणि अजून गरम होतं. मी ते झाकणासकट उचललं, पायात चपला सरकवल्या आणि आधी वेळ न घेता रस्ता ओलांडून आजोबांची बेल वाजवली.

आतून पावलं ऐकू येताहेत असं वाटलं. मी पायपुसण्यावर उभी राहिले.